जुना रेल्वे डबा राहायला करायचाय? खानापूर ते अथणी, आपल्या हवेत काय टिकतं आणि काय सडतं

मळ्यात जुना रेल्वेचा डबा आणून ठेवायचा आणि त्यात राहायचं, हे खूळ आता आपल्या बेळगाव जिल्ह्यात पण आलंय. 2021 मध्ये मुंबईला सीएसएमटीत डब्यातलं हॉटेल सुरू झालं, मग बऱ्याच स्टेशनांवर तसली हॉटेलं निघाली, आणि लोकांना वाटायला लागलं की डबा आणला, रंग मारला, आत पलंग टाकला की झालं घर. तसं नसतंय ओ. हॉटेलच्या डब्याला रोज पुसायला माणसं असतात, एसी दिवसभर चालू असतो, कुठं गंजलं तर कंत्राटदार येऊन ठिगळ मारून जातो. तुमचा डबा मळ्यात उभा राहणार, तुम्ही शनिवार-रविवार जाणार किंवा घरचे म्हातारे तिथं राहणार, आणि दरवर्षी रंगवाला बोलवायला कुणालाच वेळ नसणार. म्हणून हे सगळं लिहितोय ते कमी देखभालीच्या हिशेबानं, दिसायला भारी कसं करायचं त्याच्यासाठी नाही.

सामान निवडायची माझी पद्धत साधी आहे. कुठलीही वस्तू डब्यात बसवायच्या आधी दोन गोष्टी विचारायच्या: इथं आलेलं पाणी बाहेर कुठनं जाणार, आणि ही वस्तू पाच वर्षांनी काढून मागचं लोखंड बघता येणार काय. दोन्हीला उत्तर नसलं तर ती वस्तू कितीही महाग आणि वॉरंटीवाली असू दे, लावू नका. डबा उन्हानं मरत नाही, माणसांच्या वजनानं तर नाहीच, तो मरतो आतल्या पॅनलच्या मागं साचलेल्या ओलीनं, आणि ते तुम्हाला दिसतं तेव्हा पत्र्याला बोट आरपार जातं.

कुठला डबा घ्यायचा

भंगारात सध्या निघतात ते बहुतेक आयसीएफचे (इंटिग्रल कोच फॅक्टरीचे) डबे, म्हणजे आपले जुने निळे. त्या चेन्नईच्या कारखान्यात हे बनवायचं 2018 मध्ये बंद झालं आणि डब्याचं ठरलेलं आयुष्य 25 वर्षं, त्यामुळं अजून बरीच वर्षं हे निघत राहणार. लांबी साधारण 21 मीटर, रुंदी सव्वातीन मीटर, म्हणजे आतनं जवळजवळ सातशे स्क्वेअर फूट, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आरामात. नवीन एलएचबी डबे स्टेनलेसचे, पण त्यांचं आयुष्य 35 वर्षं धरलेलं, ते इतक्यात हाताला लागत नाहीत. बंद मालडबा मिळाला तर तो पण वाईट नाही, लांबीला कमी पण खिडक्या नाहीत, संडास नाही, वायरिंग नाही, म्हणजे गंजायच्या जागाच कमी, मला विचाराल तर एकट्या-दुकट्या माणसाला तोच बरा.

आयसीएफचा पत्रा काही डब्यांत साध्या माइल्ड स्टीलचा, काहींत कॉर्टेनचा. कॉर्टेन म्हटलं की विकणारा छाती काढून सांगतो की याला गंज लागतच नाही. लागतो. कॉर्टेनवर घट्ट तपकिरी थर बसतो आणि तोच पुढचा गंज थांबवतो हे खरं, पण तो थर बसायला पत्रा भिजून परत वाळावा लागतो. अथणी, कागवाड, रायबागकडं वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तिथं हे जमतं. बेळगावात तेराशेच्या आसपास. आणि जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला कित्येक हजार मिलिमीटर, तरणा पाऊस झाला की म्हातारा, पत्रा महिनोन्महिने वाळतच नाही, तिथं कॉर्टेन आणि साधं लोखंड एकच समजा.

जुना डबा लिलावातनं येतो, रेल्वेचा भंगार लिलाव आयआरईपीएस या साईटवर ऑनलाईन चालतो. पैसे भरायच्या आधी लॉटच्या अटी नीट वाचा, डबा जागेवरच तोडून न्यायची अट असली तर अख्खा डबा तुम्हाला मिळायचाच नाही. आणि आणायचा रस्ता आधी डोळ्यांनी बघून या. हुबळीकडनं येणारा हायवे ठीक आहे, पण सव्वातीन मीटर रुंदीचा माल म्हणजे परवानगीचं काम, आणि हायवे सोडल्यावर गावातल्या वळणावर 21 मीटरचं धूड फिरतंय काय ते बघायला पाहिजे. चोर्ला घाटातनं किंवा तिलारीच्या बाजूनं आणायचा विचार पण करू नका.

बघायला जाताना खिशात हातोडी

रंगावर जाऊ नका. छोटी हातोडी आणि जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन जा आणि ठोकत फिरा, चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. सगळ्यात आधी संडासाखालची जागा, तिथं 25 वर्षं पाणी आणि बाकी सगळं सांडलेलं असतं, चारही कोपरे बघा आणि खाली झोपून फ्रेम बघा. मग दरवाजाचे खालचे कोपरे, मग खिडक्यांच्या खालची पट्टी, कारण शटरच्या खाचेतनं पाणी भिंतीच्या आत उतरतं. मग खाली बॅटऱ्यांची पेटी होती ती जागा, ॲसिड सांडून तिथलं लोखंड खाल्लेलं असतं. भिंत आणि फ्रेम मिळते तिथला लांब चॅनल दोन्ही बाजूंनी पूर्ण बघा, तो गेलेला असला तर डबा सोडून द्या, बाकी काहीही वेल्डिंगनं दुरुस्त होतं पण हे परवडत नाही.

दोन गोष्टी घातक आहेत त्या आताच सांगतो. जुन्या डब्यांत पत्र्याला आतनं करडा-पांढरा, तंतूतंतूंचा थर फवारलेला असला तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. खरवडू नका, ग्राइंडर तर लावूच नका, साधा कापडी मास्क त्याला काही कामाचा नाही, असला डबा सरळ नाकारा नाहीतर ते काम करणाऱ्या अधिकृत माणसांकडनंच काढून घ्या. दुसरं, जुन्या रंगात शिसं असतं. आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली ती 2017 पासून, आणि डबा त्याच्या कितीतरी आधीचा. कोरडं घासायचं नाही, पाणी मारत किंवा केमिकल रिमूव्हर लावून काढायचं, खाली ताडपत्री अंथरायची, आणि लहान पोरं-जनावरं तेवढे दिवस लांब. तो चुरा शेतात ढकलून द्यायचा नाही, त्याच मातीत उद्या भाजी लावणार आहात.

खाली काय टाकायचं

खानापूर-बेळगावकडं तांबडी-जांभ्याची जमीन आहे, तिथं पाया सोपा. चिकोडी-अथणी-गोकाकच्या काळ्या रानात मात्र माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून खाली बसते, आणि डबा एका कोपऱ्यात वाकला की दरवाजे लागायचे बंद होतात. तिथं काळी माती काढून मुरूम भरून, दाबून, मग आरसीसीचे खांब. डब्याचं वजन जिथं पडतं त्या दोन जागांमधलं अंतर 14.783 मीटर, म्हणजे जिथं खालची चाकांची ट्रॉली बसते तेच दोन मुद्दे, खांब तिथंच पाहिजेत, आपल्या मनानं मधी कुठंतरी चार खांब मारून वर ठेवला तर फ्रेम पिळते.

चाकं ठेवायची काय नाही ते तुमच्यावर. चाकांवर ठेवला तर दिसतो मस्त, पण स्प्रिंग असल्यामुळं आत माणूस चालला की डबा जरा हलतो, त्याच्यामुळं आतले सांधे सुटतात, म्हणून स्प्रिंगच्या जागी लोखंडी पॅकिंग घालून तो घट्ट करून टाकायचा. फ्लोअर जमिनीपासनं चार फुटांच्या वर जातो, म्हाताऱ्यांना पायऱ्या चढायला त्रास, पण खालनं वारा खेळतो आणि खाली झोपून रंग मारता येतो. मी तरी म्हणेन उंचीच बरी. खालची जागा विटांनी बंद करू नका, सगळ्यांना तो मोह होतो, चांगलं दिसतं, स्टोअररूम होते, आणि आत ओल कोंडून फ्रेम खालनं सडते. बंद करायचंच असलं तर जाळी लावा, घुशी येत नाहीत आणि हवा पण राहते. खाली जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार, वर 40 मिलिमीटरची खडी, गवत उगवू द्यायचं नाही.

सगळ्यात फायद्याचं काम: वर दुसरं छप्पर

बजेट कमी असलं तर बाकी सगळं साधं करा पण हे सोडू नका. डब्याच्या वर स्वतंत्र खांबांवर पत्र्याचं छप्पर, डब्याच्या टपापासनं फूट-दीड फूट मोकळी जागा सोडून, आणि चारही बाजूंनी निदान तीन-चार फूट बाहेर. खानापूर तालुक्यात पावसाच्या बाजूला अजून जास्त. याच्यामुळं ऊन टपावर पडत नाही, पाऊस भिंतीला लागत नाही, रंगाचं आयुष्य कितीतरी वाढतं, आणि आत एसीची गरज जवळजवळ संपते. उन्हात नुसता डबा म्हणजे तवाच. लोक म्हणतात मग ट्रेनचा लूक जातो. जाऊ दे की. स्टेशनवर पण गाडी शेडखालीच उभी असते.

छपराला साधा जीआय म्हणजे नुसत्या जस्ताच्या थराचा पत्रा नको, गॅल्व्हल्यूमचा रंगीत पत्रा घ्या, त्याच्या थरात 55 टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असतं, जस्ताच्या साध्या थरापेक्षा उघड्यावर तो खूप जास्त टिकतो. जाडी निदान 0.5 मिलिमीटर, कोटिंग एझेड 150 लिहिलेलं बघून घ्या, रंग पांढरा किंवा फिका. या पत्र्याला ओलं सिमेंट लागू द्यायचं नाही, ॲल्युमिनियम खातं ते, म्हणून भिंतीला मिळणाऱ्या जागी गवंड्याला आधी सांगून ठेवा. स्क्रू ईपीडीएम रबराच्या वॉशरवाले, आणि पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, खळग्यात नाही. ड्रिल केल्यावर पडलेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढा, नाहीतर तो पत्र्यावर गंजून डाग पाडतो.

रंग

साधा ऑइल पेंट म्हणजे दोन-तीन वर्षांनी परत तेच काम. एकदाच खर्च करायचा असला तर क्रम असा: ब्लास्टिंग करून लोखंड पांढरं करायचं, त्यावर झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्रायमर, मधी एमआयओ (अभ्रकासारखे लोह-ऑक्साईडचे कण घातलेला) इपॉक्सी, वरनं पॉलियुरेथेन. सगळं मिळून 200 ते 250 मायक्रॉन जाडी झाली पाहिजे, आणि ती मापायचं छोटं मीटर मिळतं, रंगवाल्याला आधीच सांगा की मापून पैसे देणार, मग बघा कसा हात चालतो. वरचा पॉलियुरेथेनचा थर वाचवू नका, नुसता इपॉक्सी उन्हात पांढरट पडून खडूसारखा हाताला लागतो. ब्लास्टिंगला वाळू वापरू देऊ नका, ती धूळ फुफ्फुसात गेली की माणूस कायमचा जातो, कॉपर स्लॅग किंवा ग्रिट वापरतात, बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, ही कामं करणारे मिळतात. जिथं ब्लास्टिंगचा पाइप पोचत नाही तिथं वायर ब्रश आणि इपॉक्सी मास्टिक, तो जरा कमी साफ केलेल्या लोखंडावर पण धरतो.

वेळ महत्त्वाची. दसऱ्यानंतर पाऊस पूर्ण थांबला की काम घ्या, पण सकाळी सकाळी रंग मारू नका, आपल्याकडं थंडीत पहाटे पत्र्यावर दव असतं, हाताला लागत नाही पण असतं. नियम असा की हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 डिग्री वर. मीटर नसला तर दहा-साडेदहानंतर सुरू करून चारला बंद करा.

बंद चॅनल, बॉक्स, फ्रेमच्या पोकळ्या यांच्यात ब्रश जातच नाही. तिथं कॅव्हिटी वॅक्स मारायचं, गाड्यांना अंडरबॉडी कोटिंग करणाऱ्यांकडं मिळतं, लांब नळीनं आत फवारतात, ते मऊच राहतं आणि फटीत सरकत जातं. खालच्या बाजूला पाणी निघायची भोकं असतील ती बुजवू नका, उलट साफ करा, नसतील तर पाडा.

इन्सुलेशन, इथं लोक सगळ्यात जास्त फसतात

डब्याच्या भिंतीचे आतले पॅनल काढले की बहुतेक वेळा ग्लासवूल निघतं, आणि ते खाली गोळा होऊन ओलं-काळं झालेलं असतं. वरनं भिंत मोकळी, खाली ओला बोळा लोखंडाला चिकटलेला. मग आपण परत तेच भरायचं काय? खानापूर-जांबोटीकडं तरी नको. कारण पाऊस आत आला नाही तरी आतल्या हवेतली वाफ, स्वयंपाकाची, अंघोळीची, माणसांच्या श्वासाची, ती ग्लासवूलमधनं आरपार जाऊन थंड पत्र्याला लागते आणि तिथं पाणी होतं. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात रात्री पारा चांगला खाली येतो, आत चार माणसं झोपली असली तर सकाळी पत्र्याच्या आतल्या अंगाला थेंब धरलेले असतात. बाहेरनं तुम्ही कितीही भारी रंग मारला तरी हे आतनं चालूच.

यावर चांगला उपाय म्हणजे क्लोज्ड सेल पीयू (पॉलियुरेथेन) फोम, म्हणजे आतले बुडबुडे बंद असलेला, पत्र्यावर थेट फवारलेला, टपाला 50 मिलिमीटर आणि भिंतींना 40 तरी. तो पत्र्याला चिकटून बसतो, मधी हवा राहत नाही, वाफ पत्र्यापर्यंत पोचतच नाही. उष्णता पण कमी जाते, त्याची वाहकता 0.025 च्या आसपास, रॉकवूलची 0.035 ते 0.04, म्हणजे त्याच कामाला जाडी कमी लागते, आणि सव्वातीन मीटर रुंदीत एक-एक इंच मोलाचा आहे. पण हा फोम माझ्या दुसऱ्या प्रश्नात नापास होतो, एकदा मारला की मागचं लोखंड दिसत नाही. म्हणून फोम मारायच्या आधी आतनं पत्र्याला इपॉक्सी प्रायमरचे दोन हात झालेच पाहिजेत, आणि खिडकीखालची पट्टी आणि फ्लोअरपासनं वर एक फूट, एवढी जागा फोम न मारता सोडायची, तिथं एक्सएलपीई म्हणजे मऊ प्लॅस्टिक फोमची शीट कापून बसवायची जी ओढून काढता येते. पाणी साचलं तर तिथंच साचणार, बघायची जागा तीच.

फोमला आग लागली तर धूर भयानक विषारी. तो उघडा ठेवून नुसता रंग मारून घेणारे लोक आहेत, असलं अजिबात करू नका, वरनं सिमेंट बोर्ड किंवा जिप्सम पाहिजेच. आणि फोम मारून झाल्यावर आत वेल्डिंग बंद, सगळं वेल्डिंग त्याच्या आधी.

अथणी-रायबागच्या कोरड्या भागात रॉकवूल चालतं, स्वस्त पण पडतं आणि जळत नाही, ही मोठी गोष्ट. फक्त आतल्या बाजूनं पूर्ण सलग प्लॅस्टिकचा पडदा घाला आणि घनता घनमीटरला निदान 48 किलोची घ्या म्हणजे खाली बसत नाही. थर्माकोल कुठंच नको, उंदरांना घर होतं आणि पत्र्यापासनं सुटं राहिलं की मागं पाणी.

अजून एक, डब्याच्या लोखंडी बरगड्या. दोन बरगड्यांच्या मधी कितीही फोम भरा, बरगडीवर थेट बोर्ड स्क्रू केला तर लोखंडातनं सगळी उष्णता आत येते, लाकडापेक्षा लोखंड कित्येक पटीनं उष्णता वाहतं. बरगडीवर आधी 10 मिलिमीटरची एक्सएलपीई पट्टी चिकटवा, मग बोर्ड. काही शे रुपयांचं काम आहे पण मेस्त्री आपणहून कधी करणार नाही.

आतल्या भिंती आणि फ्लोअर

भिंतीला सिमेंट फायबर बोर्ड, 8 मिलिमीटर. वाळवी खात नाही, जळत नाही, ओला झाला तरी फुगत नाही. टपाला 6 चा पुरतो, गोल वळतो पण हळूहळू. प्लायवूड पाहिजेच असलं तर दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणून सांगेल त्याच्यावर जाऊ नका, शिक्का बघा, आयएस 710 असला तर ते मरीन, आयएस 303 मध्ये एमआर ग्रेड म्हणजे ओलीत फुगणारं. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेला बोर्ड, कपाटांना ठीक. पीव्हीसीचे पॅनल स्वस्त आणि झटपट, पण ते उन्हानं वाढतात खूप, तीन मीटरच्या पॅनलला वीस डिग्रीच्या फरकात तीन ते पाच मिलिमीटर, टोकाला जागा सोडली नाही तर फुगून पोट काढतात, आणि जळले तर धूर वाईट. मी बाथरूमच्या छताशिवाय कुठं लावत नाही.

काहीही लावा, पण चिकटवू नका, स्टेनलेस स्क्रूनं लावा, आणि प्रत्येक बोर्डाच्या मागं नंबर टाकून ठेवा. सुतार कुरकुर करणार की स्क्रूची डोकी दिसतात. दिसू देत, रेल्वेत पण दिसतातच.

लोखंड वाढतं-आखडतं हे विसरू नका. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यात पत्र्याचा फरक 30 डिग्री धरला तर 21 मीटरचा डबा साडेसात मिलिमीटर लांब होतो. म्हणून फ्लोअरवर थेट सिमेंट ओतून टाइल्स लावल्या की पहिल्याच उन्हाळ्यात टकटक वाजायला लागतात. वजनाचा प्रश्न नाही, डबा 72 माणसं आणि त्यांचं सामान घेऊन 100 च्या स्पीडनं पळालेला असतो, सगळीकडं शहाबादी फरशी टाकली तरी चार-सव्वाचार टन होईल, ते तो सहज घेतो. प्रश्न ताठरपणाचा आहे. जुन्या फ्लोअरला वर पीव्हीसी शीट आणि खाली कॉम्प्रेग म्हणजे दाबून केलेलं जाड प्लाय असतं. वरची शीट काढा, कॉम्प्रेग कडक असलं तर ठेवा, मऊ पडलं तेवढंच काढून 18 मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड टाका, वर एसपीसीच्या (दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिकच्या) एकमेकींत अडकणाऱ्या क्लिक पट्ट्या, भिंतीपासनं 10 मिलिमीटर सुट्या. खाली चिकटवायच्या नाहीत, तरंगत्या ठेवायच्या, मग लोखंड त्याच्या परीनं हलतं आणि पट्ट्या त्यांच्या परीनं. फरशीची हौस असलीच तर ती व्हरांड्यात भागवा.

भिंत कापायची असली तर

हॉलला मोठा दरवाजा पाहिजे म्हणून तीन खिडक्या एकत्र कापून टाकायचं सगळ्यांना सुचतं. आयसीएफच्या नावातला पहिला शब्दच 'इंटिग्रल' आहे, म्हणजे या डब्यात भिंत, टप, फ्लोअर सगळे मिळून वजन उचलतात, नुसती खालची फ्रेम नाही. मोठं तोंड पाडलं की डबा मधी वाकतो. पाडायचंच असलं तर आधी 75 बाय 75 च्या चौकोनी पाइपची पूर्ण चौकट वेल्ड करायची, मग कापायचं, आणि त्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना खाली जादा खांब, आणि हे एखाद्या स्ट्रक्चरवाल्याला दाखवून. दोन्ही टोकांचे दरवाजे आणि इमर्जन्सी खिडकी बंद करू नका, लांब अरुंद जागेत आग लागली तर बाहेर पडायला तेच.

खिडक्यांच्या काचा 5 मिलिमीटर टफन्ड, गॅस्केट ईपीडीएमचं. सीलंट साध्या सिलिकॉनचं नको, त्याच्यावर रंग धरत नाही आणि एकदा लावलं की त्या जागी दुसरं काही चिकटत नाही, पीयू किंवा एमएस पॉलिमर घ्या. ॲल्युमिनियमची फ्रेम लोखंडाला थेट टेकवली की ओलीत ॲल्युमिनियम भुकटी होऊन सुटतं, मधी रबराची पट्टी पाहिजेच. डासांची जाळी 304 स्टेनलेसची. जुने गज असू देत.

बाथरूम, स्वयंपाक, लाईट

बाथरूम डब्यात करूच नका, हे माझं स्पष्ट मत. जुना संडास होता तिथंच परत बाथरूम करायचं म्हणजे आधीच सडलेल्या जागेला परत पाणी. डब्याच्या टोकाला लागून जांभ्या चिऱ्याची किंवा विटांची छोटी खोली बांधा, वर तेच मोठं छप्पर येऊ दे, आणि डबा आणि भिंत यांच्यात इंचभर फट ठेवून रबरी पट्टीनं झाका. खानापूरकडं चिरा आणि वीट दोन्ही जवळ मिळतं. बाथरूम आतच पाहिजे असलं तर एफआरपीची म्हणजे फायबरची एका तुकड्यातली केबिन बसवा, टाइल्स नको.

ओट्याला कडाप्पा चांगला, ओल्याला घाबरत नाही. सिंक 304 चं, दुकानात 202 पण तसंच चकचकीत दिसतं आणि लोहचुंबकानं फरक कळत नाही, शिक्का आणि बिल बघून घ्या. गॅसची टाकी बाहेर, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, आणि डब्यात त्याला जायला वाट नाही.

जुनी वायरिंग सगळी उपटून टाका, ती 110 व्होल्ट डीसीची, घरच्या 230 शी तिचा काही संबंध नाही, ते जुने पंखे शोला ठेवा. नवीन वायर एफआरएलएसएच म्हणजे आगीत कमी धूर करणारी, कंड्युटमधनं, आणि पत्र्यातनं जाईल तिथं प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट, नाहीतर पत्र्याची कडा वायर कापते आणि अख्ख्या घरालाच करंट. डब्याला दोन टोकांना वेगवेगळं अर्थिंग जीआय पट्टीनं, आणि 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईट तोडणारा स्विच. हेस्कॉमचं म्हणजे वीज कंपनीचं मीटर यायच्या आधी हे लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडनं तपासून घ्या. जमीन शेतीची असली तर एनएचं (बिगरशेतीचं) पण आधी बघा, कर्नाटकात ते काम डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसमधनं होतं आणि कागद सगळे कन्नडात, कळणारा माणूस बरोबर न्या.

एवढं झाल्यावर वर्षाला काम राहतं ते थोडंच. मृगाच्या आधी छपराच्या पन्हाळी आणि खालची पाणी निघायची भोकं साफ करायची, दिवाळीच्या सुमाराला खिडकीखालचे नंबर टाकलेले पाच-सहा बोर्ड उघडून टॉर्च मारायचा, दरवर्षी वेगळे. कुठं फोड दिसला तर तेवढाच घासून प्रायमर आणि वरचा रंग, त्यासाठी रंगाचा शेड नंबर आणि मूळ कंपनीचं नाव इलेक्ट्रिकच्या पॅनलच्या दाराला आतनं चिकटवून ठेवा, उरलेल्या रंगाचं टिन पाच वर्षांनी उघडलं तर आतला रंग घट्ट होऊन गेलेला असतो आणि मग तोच निळा शोधत दुकानं फिरावी लागतात.